गरमी

“मग ते हात छातीवर ठेवले कुणी?” मी पुन्हा विचारलं. सुनेचं, विजयमालेचं, पुन्हा तेच. “मी न्हाई ठिवले, आत्याबाई.”

बाळाचे दोन्ही हात खांद्यापासून लोंबायचे. नुसतं बोट लागलं तरी तो असा किंचाळायचा की शेजारचं दार उघडायचं. आणि सकाळी पाळण्यात बघावं तर तेच हात छातीवर अलगद ठेवलेले, बाळ शांत. न्हाऊ घालताना हिनंच पिरगाळले असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

नगरच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो खिडकीशी धरून दाखवला, तेव्हा हाडांची टोकं वाळवी लागल्यासारखी कुरतडलेली दिसली. पिरगाळलेलं नाही, ते म्हणाले, गरमी आहे. आईबापांचं रक्त तपासू, तिघांनी सुया घेतल्या तर मूल वाचेल. मी आपली आपण वाचायला शिकलेली बाई, भिंगारमध्ये माझ्यापुढं तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती, पण गरमी म्हणजे मला उन्हाचीच कळली. साल दुष्काळाचं, ऊनही तसंच. मी सुनेला सब्जा पाजला, आणि नळावर भरल्या रांगेत मोठ्यानं सांगितलं, आमच्या बाळाला गरमी झालीय, आईबापांकडून आलीय म्हणतात. कुणी हसलं नाही. पुढच्या बाईनं तिची कळशी माझ्या कळशीपासून जराशी लांब सरकवली. घरी येईपर्यंत मला उमगलं, ही गरमी उन्हाची नव्हे, बाहेरख्यालीतून लागणारा गुप्तरोग, आणि तोंडावरचा पदर काढवेना.

मच्छिंद्र, माझा मुलगा, वडील वारल्यावर त्यांच्याच जागी लष्कराच्या डेपोत लागलेला; त्याच्या कानावर हे तिथंच गेलं. तो रक्त द्यायला तयार नव्हता. घाण हिच्या माहेरची, हिला पोरासकट तिकडंच काष्टीला धाड, एवढंच म्हणून तो बाहेर गेला. काष्टीला सुया कोण देणार, मूल हातचं जाणार, हे मला दिसत होतं. पण लाज कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय मला नळावर जाता येणार नव्हतं, म्हणून मी तिचं गाठोडं बांधत होते आणि भांडत होते.

“खरं बोल,” मी गाठ आवळत म्हटलं, “नाहीतर आत्ताच्या आत्ता नीघ.”

सासऱ्यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. ते गेल्यानंतर ती या घरात आली. पाळण्याची दोरी धरून, माझ्याकडं न बघता, ती हळू म्हणाली, “मामंजी येऊन ठिवत्यात, आन् म्हनत्यात, ह्यांच्या जन्माआधी गेलेल्या तुमच्या दोन लेकरांचे हातबी असेच हुते, पर ते तुमी कुनालाच सांगितलं न्हाई.”