रिकामी

रेनाने डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत घातला, कपाळ तिच्या उबदार पुठ्ठ्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी किती मन लावून तपासते आहे. खरं तर ती उभ्या उभ्या पेंगत होती.

“झोपलीस का गं?” मागून डॉक्टर टेसकेंनी विचारलं.

“नाही. गाभण आहे ही. तीन महिन्यांच्या पुढे.”

“सरक बाजूला.”

डॉक्टरांनी आपला हात घातला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. व्हर्न क्लुगेने गाईच्या पाठीवर निळ्या खडूची जाड रेघ ओढली. गोठा व्हर्नचा आणि रंगही त्यानेच ठरवलेले. निळी गाय राहणार. रिकामी, म्हणजे गाभण नसलेली, निघाली की लाल रेघ, आणि लाल रेघेच्या गाई सोमवारी खाटकाच्या गाडीत चढणार.

जनावरांच्या डॉक्टरकीला जायचं तर जीवशास्त्राची पदवी लागते, चांगले गुण लागतात आणि कोणातरी मुरलेल्या डॉक्टरची शिफारस लागते. पदवीचं हे रेनाचं शेवटचं वर्ष. रसायनशास्त्राने तिला एकदा आपटलं होतं, दुसऱ्यांदा बसून ती कशीबशी वर आली होती. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी कुत्र्यांच्या वसतिगृहात पिंजरे धुणं आणि शनिवारी डॉक्टरांबरोबर विस्कॉन्सिनचे गोठे. हा महिना संपला की अर्जाची मुदत संपत होती आणि डॉक्टरांची शिफारस अजून गेली नव्हती. तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते “बघू” म्हणाले. आपण कमी पडतोय हे तोंडावर सांगायला त्यांना जड जात असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

एकच गोष्ट तिला धरून होती. तिचा हात. मार्चमध्ये डॉक्टरांनी पहिल्यांदा हातमोजा पुढे केला, तेव्हापासून ती जे सांगेल त्यावर त्यांनी मानच हलवली होती. “आई, मला रसायन येत नाही, पण हात येतो,” असं तिने फोनवर सांगितलं होतं, आणि त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं.

“आता आमची बर्टा,” व्हर्न म्हणाला. “सांभाळून हं पोरी. माझ्या बायकोपेक्षा हीच माझं जास्त ऐकते.”

“ऐकलंय मी!” गोठ्याच्या दुसऱ्या टोकाहून डार्लीन ओरडली. ती गरम पाणी आणायला निघाली होती.

रेनाने हात घातला. दंडाला कळ लागत होती, बोटं जड झाली होती, तरी शोधावं लागलंच नाही. पाण्याने भरलेली पिशवी, आणि बोटाने हलकेच ढकललं की टक्कन येऊन लागणारं काहीतरी टणक. डोकंच. चार महिन्यांचं तरी. तिने हात बाहेर काढला आणि डॉक्टर पुढे झाले. सांगायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात डार्लीनची हाक आली.

“अगं रेना, रिकामी झाली का?”

रेनाने पायाशी असलेल्या बादलीकडे पाहिलं. तळाला गढूळ थेंब उरले होते.

“रिकामी!” ती ओरडली.

डॉक्टरांचा हात बर्टाच्या आत होता आणि नजर छताकडे. त्यांनी मान हलवली.

“हो,” ते म्हणाले. “रिकामीच आहे.”

व्हर्नचा चेहरा पडला. पण तो वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याने खिशातून लाल खडू काढला आणि बर्टाच्या पाठीवर रेघ ओढली.

रेनाची झोप उडाली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग त्यांच्या उजव्या हाताकडे. ‘थर्मासचं झाकण तेवढं उघड.’ ‘माझ्या बाहीचं बटण लाव गं.’ दर शनिवारी ते तिला हेच सांगत. गाडीची किल्लीसुद्धा ते डावा हात आडवा घालून फिरवत. तिला तो म्हातारपणाचा आळस वाटला होता.

“व्हर्न, थांबा,” ती म्हणाली. “माझं चुकलं. मी परत बघते.”

“अगं, डॉक्टरांनी बघितलंय ना? तू त्यांच्याही वर निघालीस का?”

“बघू दे तिला,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

तिने पुन्हा हात घातला. टक्कन लागलं.

“गाभण आहे. चार महिने.”

व्हर्नने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हातमोजा ओढून काढत होते.

“मी घाई केली,” ते म्हणाले.

“तुमच्या घाईत माझी बर्टा चालली होती की!” व्हर्न हसला. हसता हसता तो थांबला, आणि पुढच्या गाईंना रेघा ओढत राहिला.

काम आटोपून दोघं गाडीत बसले. डॉक्टरांनी थर्मास पुढे केला. त्यांनी सांगायच्या आत रेनाने झाकण उघडून कॉफी ओतली.

“मी बादलीचं म्हणाले होते,” ती म्हणाली.

“आलं ते लक्षात.”

“कधीपासून?”

“गेल्या हिवाळ्यात दोन बोटांची जाण गेली. आता मनगटापुढे काहीच कळत नाही.” त्यांनी कप डाव्या हातात घेतला. “शिफारस मी टाळत होतो. तू गेलीस की माझं दुकान बंद. हे बरोबर नाही, ठाऊक आहे मला. आज घरी गेल्या गेल्या पाठवतो. लिहीन, की मार्चपासून या मुलीचा हात एकदाही चुकलेला नाही.”

हेच शब्द ऐकायला ती कित्येक शनिवार उठून आली होती. तिने मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. नखांत शेण होतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “मार्चमध्ये मला आत काहीच कळत नव्हतं. मी अंदाजाने सांगायचे. तुम्ही मान हलवायचात, म्हणून वाटायचं, बरोबर आलं.”

कप ठेवून डॉक्टरांचा डावा हात किल्लीपर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

“आणि काही लागलं नाही की?” त्यांनी विचारलं.

“रिकामी म्हणायचे.”

मार्चमधला पहिला गोठा क्लुगेंचाच होता, आणि त्या सोमवारीही लाल रेघेच्या गाई खाटकाच्या गाडीत चढल्या होत्या. समोर व्हर्न ओल्या फडक्याने बर्टाच्या पाठीवरची लाल रेघ पुसत होता. त्याने मान वर केली आणि गाडी अजून तिथेच उभी बघून हात केला.

“काय झालं? बंद पडली का?”