व्हेल्कोचं बीपी

माझ्या नवऱ्याचं, व्हेल्कोचं, बीपी आमच्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होतं. तो फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, अंगाने बैलासारखा, आणि सकाळी यंत्र लावलं की आकडा एकशे ऐंशी, एकशे नव्वद. तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. त्या रोज मीच त्याच्या तळहातावर ठेवायची. तो पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायचा आणि कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जायचा. आमच्या तेतेवेन गावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

आमची एकुलती एक मुलगी इलियाना स्पेनमध्ये असते, वालेन्सियाला. आठ वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणाला मी निघाले होते. बसचं तिकीट काढलं होतं, बॅग भरून दारात ठेवली होती. आदल्या दिवशी व्हेल्कोचं बीपी दोनशे दहावर गेलं. मी तिकीट परत केलं. नात झाली, मार्ता. तिला मी फोनवर पाहिलं. पुढे आणखी दोनदा जायचं ठरवलं, दोन्ही वेळा हेच झालं. इलियानाने कधी बोल लावला नाही. तिने विचारणं तेवढं बंद केलं.

औषधाच्या चाचणीचं तिनेच शोधून काढलं, मार्ता सहा वर्षांची असताना. "आई, इंटरनेटवर यादी असते. देश टाकायचा, आजार टाकायचा. प्लेवेन शहरातल्या एका दवाखान्यात बीपीच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं उतरत नाही, तसलेच लोक हवेत त्यांना."

"म्हणजे तुझा बापच की गं."

"तेच म्हणतेय मी."

व्हेल्को ऐकूनच उखडला. "मी काय उंदीर आहे, माझ्यावर औषधं करून बघायला?"

"उंदीर एवढं जेवत नाही," मी म्हणाले. मग इलियाना फोनवर रडली, तेव्हा तो तयार झाला.

दवाखान्यात चोवीस पानांचं संमतिपत्र हातात दिलं. व्हेल्कोने खिशातून चष्मासुद्धा काढला नाही, शेवटचं पान उघडून सही ठोकली. मी मात्र बाकावर बसून सगळं वाचलं. अकराव्या पानावर लिहिलं होतं, की चालू असलेली औषधं रुग्ण खरोखर घेतो की नाही ते लघवीतून तपासलं जाईल. मी पान उलटलं. आम्हाला त्याची काय काळजी? गोळ्या तर मी माझ्या हाताने देत होते.

नर्सने रक्त घेतलं, लघवी घेतली, दंडाला चोवीस तास बीपी मोजणारा पट्टा बांधला. दोन आठवड्यांनी डॉक्टर हाजिएवांनी बोलावलं. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई.

"व्हेल्को, मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"दोन्कासमोरच बोला. बायकोपासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"बोला हो."

"तुमच्या लघवीत तिन्हीपैकी एकाही औषधाचा मागमूस नाही."

मी हसले. खरंच हसले. "नमुना बदलला असेल, बाई. ह्याला गोळ्या मी देते. रोज."

"दोनदा तपासलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही देत असाल. ते घेत नाहीत."

व्हेल्को स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तेव्हा मला कळलं.

"अशानं मेला असतात तुम्ही," बाई त्याला म्हणाल्या. "चाचणीत घेता येणार नाही. आधी ह्याच गोळ्या महिनाभर नीट घ्या, मग या."

परतीची बस लुकोवित गावापर्यंत आली. मग मी विचारलं, "कुठे टाकायचास?"

"गालात धरायचो. अंगणात गेलो की थुंकायचो."

"सहा वर्षं?"

"पहिल्या वेळी खरंच वाढलं होतं गं. तुझी बॅग बघून. तू तिकीट परत केलंस, आणि मला वाटलं..." तो खिडकीकडे वळला. "त्सानोचं बघ ना."

त्सानो आमचा शेजारी. त्याची बायको इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला सहा महिन्यांसाठी गेली, तिला आता अकरा वर्षं झाली. तो उभ्याउभ्या डब्यातलं थंड खातो आणि दुपारपासून राकियाची दारू पितो.

"मी त्सानोच्या बायकोसारखी आहे?"

"सगळ्या आधी तुझ्यासारख्याच असतात," तो म्हणाला.

समोरच्या सीटवरची बाई मागे वळून बघत होती. बघू दे म्हटलं. "माझी नात माझ्याशिवाय चालायला शिकली, व्हेल्को. बोलायला शिकली. दात पडले तिचे."

त्याने माझा हात धरायला बघितलं. मी पर्स मधे ठेवली.

महिनाभर मी त्याच्यासमोर बसले. गोळी, पाणी, मग "तोंड उघड, जीभ वर कर." पोरासारखा आ करायचा. मला त्याची दया यायची नाही, आणि येत नाही याची लाजही वाटायची नाही. महिन्याने प्लेवेनला गेलो तर बीपी एकशे बत्तीस. डॉक्टर हाजिएवांनी फाइल मिटली. "आता तर तुम्ही चाचणीत बसतच नाही. ह्या साध्या गोळ्यांनीच बरे आहात."

म्हणजे ज्या औषधाच्या आशेने आम्ही गेलो, त्याची कधी गरजच नव्हती.

मी इलियानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तेव्हा फार गरज होती गं. आता मार्ता शाळेत जाते, घरही लहान आहे. ऑगस्टमध्ये दहा दिवस ये."

मी दहा दिवस जाऊन राहिले. मार्ता गोड मुलगी आहे. मला नमस्कार करायची, दार उघडून धरायची, पाहुण्याला करतात तसं सगळं. एका संध्याकाळी आईला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारत होती. मी इलियानाला विचारलं, काय म्हणते?

"काही नाही."

"सांग."

"आजी कधी जाणार, म्हणते. तिला तिच्या खोलीत झोपायचंय."

मी परत आले. व्हेल्को बसस्टँडवर उभा होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने माझी बॅग घेतली. घरी त्याने घेवड्याचं सार केलं होतं, मीठ जास्त पडलेलं. मी जेवले, ताट धुतलं आणि इलियानाच्या जुन्या खोलीत अंथरूण घातलं.

"दोन्का, किती दिवस असं?" त्याने दाराबाहेरून विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले आणि कडी लावली. ती कडी रोज लागते, त्याला आता दोन वर्षं होतील.