खुर्चीतलं बोलणं

"काका, आधी दाढी पुरी करा, मग वाचा," खुर्चीतले वकील म्हणाले. त्यांच्या एका गालावर फेस तसाच होता आणि काकांच्या हातात कोर्टाचं समन्स. ते देणारा बेलिफ सही घेऊन नुकताच सलूनची पायरी उतरला होता.

पण काकांना धीर कुठला! समोरच्या बँकेतले साहेब त्यांचं जुनं गिऱ्हाईक. साहेबांचं बायकोशी फाटलं होतं आणि त्यांनी मुलीचा ताबा मागितला होता. बायकोच्या वकिलाने साक्षीला बोलावलं होतं ते काकांना.

"वकीलसाहेब, नवरा-बायकोचं घरगुती भांडण. त्यात परक्याने जायलाच हवं का हो?"

"समन्स म्हणजे लग्नाचं आमंत्रण नव्हे, जमलं तर या म्हणायला. नाही गेलात तर वॉरंट निघू शकतं. भांडण घरातलं असलं तरी कोर्ट ते कोर्टच."

"पोट बिघडलं म्हणून कळवलं तर?"

"पुढची तारीख पडेल. पोट किती वेळा बिघडवणार?"

काकांनी मुकाट्याने वस्तरा उचलला. दोष कुणाला देणार? या सलूनचा एकच कायदा होता, खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच राहायचं. त्याच विश्वासावर गिऱ्हाइकं त्यांच्यापाशी मन मोकळं करत. पण साहेबांची बायको मुलीचे कपाळावरचे केस कापून घ्यायला आली, तेव्हा तिचा उतरलेला चेहरा पाहून काकांना राहवलं नाही. "काळजी नका करू ताई," ते बोलून गेले, "मुलगी आईपाशीच सुखात आहे, असं साहेब स्वतःच म्हणालेत." भलं करायला गेले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"आता लोक तुमच्यापुढे नुसती डोकी धरतील, तोंड उघडणार नाहीत," घरी काकू म्हणाल्या.

"अगं, पण त्या पोरीचं काय?"

काकूंनी काकांचा ठेवणीतला शर्ट काढला आणि इस्त्री करायला घेतला.

कोर्टात साहेब समोरच बसले होते. काकांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि न्यायाधीशबाईंपुढे हात जोडले.

"बाईसाहेब, माणूस खुर्चीत विश्वासाने बोलतो. ते सांगायलाच हवं?"

"विचारलं तर सांगायलाच हवं, काका. खरं तेवढं सांगा."

काकांनी सांगितलं. मुलगी आईपाशी सुखात आहे, असं साहेब म्हणाले होते. बायकोचे वकील खूश होऊन खाली बसणार, तोच काका पुढे म्हणाले, "पण बोलणं तिथं संपलं नव्हतं. 'मला हरायचं नाहीये म्हणून भांडतोय,' म्हणाले. 'घरी गेलो की बाबा म्हणून हाक मारायला कुणी नसतं,' म्हणाले आणि रडायला लागले. मी खुर्ची आरशापासून फिरवली. रडताना माणसाला स्वतःचं तोंड दिसू नये."

"एवढं विचारलं नव्हतं," वकील म्हणाले.

"अर्धं सांगितलं तर खोटंच की ते, वकीलसाहेब."

न्यायाधीशबाईंनी सगळं लिहून घेतलं. मुलगी आईकडेच राहिली, पण शनिवार-रविवार बाबांचे झाले. काकांना मनापासून बरं वाटलं. साहेब मात्र सलूनकडे फिरकेनात. दाढी वाढवून समोरच्या फुटपाथवरून जात, मान वळवून. काकांना ते फार लागायचं.

एका रविवारी साहेब मुलीला घेऊन आत आले.

"हिचे केस," एवढंच म्हणाले.

काकांनी मुलीचे केस कापले, फडका झटकला. मुलगी बाकावर जाऊन बसली, तरी साहेब हलले नाहीत. मग खुर्चीत येऊन बसले.

"दाढी. बाकी काही नको."

"बरं," काका म्हणाले. पूर्वीसारखं काही विचारावं असं फार वाटलं, पण त्यांनी तोंड आवरलं. बाकावरून मुलगीच अखंड बडबडत होती. साहेबांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गळा वस्तऱ्यापुढे मोकळा केला.