कुलूपसरांच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. लोहाराने मला भट्टीत तापवून, ठोकून ठोकून सरळ केले, तेव्हाचा ताठा अजून गेलेला नाही. एका कॉलेजातल्या वर्गाच्या दाराला मला आतून बसवले आणि पुढे कित्येक वर्षे कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मग नवे सर आले. घंटा झाली रे झाली, की ते मला खाडकन लावायचे. बाहेर राहिलेल्यांनी कितीही दार ठोठावले तरी फळ्याकडून मान वळवायचे नाहीत. "या वर्गात वेळेवर काम करणारी ही एकटीच," असे ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, तेव्हा मी फुगून गेले. मुलांना मात्र मी डोळ्यांसमोर नको झाले. त्यांनी सरांचे नाव कुलूपसर ठेवले, दाराला लाथा मारल्या, मधल्या सुट्टीत माझ्या खाचेत च्युइंगगम कोंबला.

बाहेर राहणाऱ्यांत एक मुलगी रोजचीच होती. पहाटे बेकरीत काम करून ती धापा टाकत यायची आणि दाराला कान लावून तास ऐकायची. पण बाहेरून ऐकल्याची हजेरी लागत नाही. हजेरी अशीच कमी पडत राहिली असती, तर तिला परीक्षेला बसू दिले नसते.

एके दिवशी मुलांनी सरांची जिरवायचे ठरवले. घंटा झाली तेव्हा वर्गात चिटपाखरू नव्हते. सगळी बाहेर उभी राहून दात काढत होती. सरांनी मला लावले, रिकाम्या बाकांकडे तोंड केले आणि चक्क हजेरी घ्यायला सुरुवात केली! एक नंबर पुकारायचा, थांबायचे, मग पुढचा. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका नंबराला बाहेरून आवाज आला, "हजर, सर!"

"ए, गप्प बस! फितूर कुठली!" मुले तिच्यावर ओरडली.

तिने दोन्ही हातांनी दार बडवले. "हजर आहे मी! मला परीक्षा द्यायचीय!"

सरांनी मला ओढून दार उघडले. "रोज उशीर! कशामुळे?"

"सकाळी बेकरीत कामाला असते, सर. तिथून सुटायलाच उशीर होतो."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? दाराला?"

बाहेरचे हसणे थांबले. सर लालबुंद झाले. आता हिची खैर नाही, असे मला वाटले. पण ते बाजूला झाले, एवढेच. ती आत जाऊन बसली. तिच्यामागून दोघेतिघे आले, बाकीचे तोंड फिरवून निघून गेले.

मित्रांनो, लगेच गळ्यात गळे पडले असतील असे समजू नका. मुले अजून कुलूपसरच म्हणतात आणि सर अजून कुणाकडे बघून हसत नाहीत. फक्त घंटा झाली की त्यांचा हात सवयीने माझ्यापर्यंत येतो, जरा थांबतो आणि खाली जातो. कामावाचून मला गंज चढू लागला आहे. त्याचा मला राग येतो, पण त्या मुलीचे बोलणे त्याहून जास्त लागले आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे तेलपाणी मागतात. मी मागणार नाही. मला गंजू द्या.