किल्लीकाकांचे सात भाऊ

किल्लीकाका कुलपं दुरुस्त करत. जन्मभर लोकांची दारं उघडून दिल्यामुळे स्वतःच्या दारावर त्यांचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. घराला पाच कुलपं, पाण्याच्या टाकीला एक आणि खोटं वाटेल, पण मिठाच्या बरणीलाही एक. भाजी अळणी झाली की काकू म्हणत, "किल्ली सापडेना."

नव्या हॉटेलात किल्ल्या सांभाळायला माणूस हवा होता. काकांचे हात कापू लागले होते, बारीक काम जमेना. ही नोकरी हुकली की पोटापाण्याचं कठीण. पण मुलाखत इंग्रजीत. म्हणून ते वाचनालयाच्या माडीवर, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंकडे बोलायला शिकू लागले. बाई फी घेत नसत. तिथंच शंकेची पाल चुकचुकली.

"फुकट कशाला कोण शिकवेल गं?" घरी येऊन काकांनी काकूंना विचारलं.

"अहो, तुमच्याकडे लुटण्यासारखं आहे तरी काय?"

"तेच तर विचारतेय ती! घरी कोण असतं, बाहेर कधी पडता, शेजारी कसे आहेत... चोरांना सामील आहे बाई."

बाईंची पद्धतच तशी. पुस्तक मिटायचं आणि वर्गातल्या ज्याला त्याला आपापल्या घराबद्दल बोलायला लावायचं. शिंपी लेकीचं कौतुक सांगे, स्वयंपाकीण सुनेच्या नावानं बोटं मोडी. काका मात्र थापा ठोकत. घरी सात भाऊ, सातही पैलवान. कुत्रा वासराएवढा. आपण घराबाहेर पडतच नाही. बाई वाक्य नीट करून देत आणि काका तीच थाप घोटून पाठ करत.

मुलाखतीत मॅनेजरनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठं लक्षात आलं. खरं बोलण्यापुरतं इंग्रजी त्यांना येतच नव्हतं! बाहेर पडले ते पैलवान. मागोमाग कुत्रा.

"कामावर कधीपासून याल?"

"मी घराबाहेर पडतच नाही."

मॅनेजरनं तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. शिफारस त्यांचीच होती. आवाज खोलीभर घुमला, "कसले भाऊ? नवराबायको दोघंच राहतात. काकू बाजारात भेटतात मला. पहिल्या दिवसापासून थापा मारताहेत ते."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मी बोलायला शिकवते हो, पोलिसात नाही मी. आणि बोलताहेत की नाही फर्डं?"

मॅनेजर पोट धरून हसला. "बाईंनाही घरातलं खरं सांगितलं नाहीत! असाच माणूस हवाय किल्ल्यांवर. सोमवारी या."

काका घरी आले ते तोंड पाडून.

"मिळाली नाही का?" काकूंनी विचारलं.

"मिळाली."

"मग सुतकी चेहरा कशाला?"

काकांनी खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणला. "डोळ्यांदेखत थापाड्या ठरलेल्या माणसाला किल्ल्या देतात? त्या हॉटेलात काहीतरी काळंबेरं आहे बघ."

"म्हणजे जाणार नाही?"

"जाणार तर! कुणीतरी लक्ष ठेवायला नको तिथं?"