सव्वातीनची लिफ्ट

भुंगीला भुताची भीती अशी कधी वाटलीच नाही. तिला धास्ती होती ती वेगळीच. आपण मोठं होईपर्यंत जगातली सगळी भुतं संपून गेली तर? अकरा वर्षं झाली होती जन्माला येऊन, पण तिच्या वाट्याला साधं चिमूटभर भूतसुद्धा आलं नव्हतं.

सारखी तोंडातल्या तोंडात गुणगुणायची म्हणून घरात तिचं नाव भुंगी पडलं होतं. तिची आई लिफ्ट दुरुस्त करायची. सुट्टीत भुंगी आईच्या स्कूटरवर मागे बसून कामावर जायची. मांडीवर पान्यांची पिशवी, आणि खिशात टॉर्च, पावडरीचा डबा नि एक छोटी वही. पिशवी आईची, खिसा भुंगीचा.

त्या दिवशी एका चार मजली इमारतीतून तक्रार आली होती. रोज दुपारी सव्वातीनच्या सुमारास लिफ्ट आपोआप तिसऱ्या मजल्यावर जाते, दार उघडतं आणि आत कोणीच नसतं.

"आई, हे माझं काम आहे," भुंगी म्हणाली.

"आधी वायरींचं काम, मग तुझं," आई म्हणाली.

तक्रार केली होती तिसऱ्या मजल्यावरच्या हेडसरांनी. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांना सगळे हेडसरच म्हणत. सरांचं डोकं तेल लावून पुसलेल्या काचेच्या गोळ्यासारखं चकचकीत होतं. लिफ्टच्या दाराशेजारी, भिंतीला टेकून, त्यांची खुर्ची होती. तिथे जिन्याच्या खिडकीचा वारा छान येतो म्हणून गेल्या आठवड्यापासून जेवण झालं की ते तिथेच पेपर वाचत बसत होते.

भुंगीने वही उघडली. "तेव्हा तुम्ही काय करत होता, सर? झोपला होतात?"

"झोपलो?" सर ताडकन सरळ बसले. "मी? दुपारी? हजारो मुलांना सांगत आलो मी, दुपारी झोपू नका. टक्क जागा होतो!" मग इकडे तिकडे बघून ते हळूच म्हणाले, "खरं सांगू का बाळ, ती लिफ्ट मला न्यायला येतेय. आठ दिवस झाले. मी आवराआवरसुद्धा केली. पुस्तकं वाटून टाकली. आणि समोरच्या वकिलांकडे जाऊन माफी मागून आलो."

"कशाबद्दल?"

"कुंडी. त्यांची कुंडी माझ्या दाराकडे सरकली होती. नऊ वर्षं आमच्यातून विस्तव जात नव्हता. म्हटलं, जाता जाता भांडण कशाला बरोबर न्यायचं?"

सर हे इतक्या शांतपणे बोलले की भुंगीचं गुणगुणणंच थांबलं.

आई गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने सरांच्या मोबाइलवर तिचा फोन आला, तो भुंगीने घेतला. "इथे सगळं ठणठणीत आहे. तिसऱ्या मजल्यावरचं बटण कोणीतरी दाबतंय."

"कोणीतरी की काहीतरी?" भुंगीने विचारलं आणि फोन ठेवला.

तिने लिफ्टच्या दारापुढे पावडर पसरली. भुताला पाय असलेच, तर ठसे उमटणार. मग वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर, कठड्याच्या आड ती दबा धरून बसली. सर खुर्चीत पेपर उघडून बसले. तीन वाजले. तीन पाच झाले. भुंगीची छाती धडधडत होती, अगदी हवीहवीशी धडधड.

तीन दहाला पेपर सरांच्या मांडीवर आला. तीन बाराला तो जमिनीवर पडला. सरांचे डोळे मिटले, तोंड किंचित उघडलं आणि मान हळूहळू उजवीकडे कलायला लागली. कलली, सावरली, परत कलली. बरोबर तीन वाजून चौदा मिनिटांनी ते चकचकीत डोकं भिंतीला टेकलं.

टक.

बटणाचा लाल दिवा लागला.

खालून लिफ्ट घरघरत वर आली, टिंग वाजलं, दार उघडलं. त्या आवाजाने सर दचकून जागे झाले, समोरची रिकामी लिफ्ट त्यांनी पाहिली आणि असे किंचाळले की पायऱ्यांवरची कबुतरं उडून गेली.

भुंगीला आधी वाईट वाटलं. हेही भूत हातचं गेलं! पण मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. कठड्याला धरून ती कशीबशी खाली आली आणि सरांच्या कानाशी लागून तिने सगळं सांगून टाकलं.

सर लालबुंद झाले. हात डोक्याकडे गेला, मग बटणाकडे.

"म्हणजे मला न्यायला कोणी येत नव्हतं?"

"नाही ना! तुम्हीच बोलवत होतात. डोक्याने."

सरांनी एक लांब श्वास सोडला, आणि मग तेही पोट धरून हसायला लागले. एकदम थांबून त्यांनी भुंगीचा हात पकडला. "वकिलांना सांगू नकोस हं."

"का?"

"तो माणूस माफी परत करेल!"

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. पंच्याहत्तरीचे वकील बनियनवर, हातात छत्री उगारून बाहेर आले. "कुठाय ते? सरांना हात लावून तर बघ म्हणावं! आधी माझ्याशी गाठ आहे!"

पावडरीवरून त्यांचा पाय सटकला. सरांनी त्यांना वेळेवर धरलं, आणि मग दोघंही एकमेकांना धरून तसेच उभे राहिले, थोडे ओशाळलेले, थोडे खूश.

आई गच्चीवरून खाली आली. "काय निघालं?"

भुंगीने सरांकडे एकदा बघितलं. "बटण फारच हलकं झालंय, आई."

आईने बटण निरखलं. त्यावर तेलाचा गोल डाग होता. तिने सरांच्या डोक्याकडे नजर टाकली, फडक्याने डाग पुसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "खरंय. खुर्ची तेवढी इथून हलवा. इथला वारा बाधतो."

"वारा माझ्या गॅलरीत आहे," वकील म्हणाले. "पण तिथे कुंड्या आहेत, आधीच सांगतो."

"असू देत," सर म्हणाले, आणि दोघांनी मिळून खुर्ची उचलली.

आई इमारतीबाहेर पडेपर्यंत गंभीर होती. स्कूटर सुरू झाली, भुंगीने मागून तिच्या कानात सगळं सांगितलं, पहिलं वळण आलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. पुढच्या झाडाखाली तिला गाडी थांबवावीच लागली. हेल्मेट काढून, डोळे पुसत, ती भुंगीला म्हणाली, "डोक्याने गं! परत सांग, टक कसं वाजलं?"

भुंगीने मान हळूहळू उजवीकडे कलती केली.