वाऱ्यावर तापलेलं पाणी

थीरा बुंडगार्डनं तीस वर्षं आमच्या गावची डेअरी चालवली, आणि त्या तीस वर्षांत सायीइतकीच माणसंही घुसळून काढली. त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात तेल मिळेनासं झालं, सरकारनं रविवारी मोटारी बंद केल्या, तेव्हा तिनं सत्तरी ओलांडली होती आणि तिचा बंब थंडगार पडला होता. एके सकाळी ती माझ्या लोहारशाळेत येऊन उभी राहिली.

"एगॉन, मला पवनचक्की बांधून दे."

"विजेची?"

"वीज काय चाटायचीय? मला अंघोळ करायचीय."

डेअरीत साय घुसळताना तापायची. लोणी वितळू नये म्हणून थीरा जन्मभर तीत बर्फ टाकत आली होती. आता तिला ते तापणंच हवं होतं. वाऱ्यानं पाती फिरतील, दांडा पिंपात उतरेल, पाणी घुसळून घुसळून गरम होईल. मी भंगारातल्या ट्रकचा आस आणला, डेअरीतलं जुनं पिंप बसवलं आणि पिंपाला आतून उभ्या पट्ट्या मारल्या. पाणी नुसतं गोल फिरून उपयोगाचं नव्हतं, ते सारखं आपटायला हवं होतं.

आमचे पाद्री मिक्केल्सन रोज सायकल थांबवून वाद घालायचे.

"थीराबाई, वारा गार, पाणी गार. दोन गार गोष्टींतून ऊब कुठून येणार?"

"तळहात चोळून बघा, बुवा. का तेवढंही देवानंच करायचं?"

"देवानं ऊब सूर्यात ठेवलीय."

"मग त्याला कळवा, सूर्य नोव्हेंबरपासून इकडे फिरकला नाही."

त्या रविवारी पाद्रीबुवांनी माणसाच्या गर्वावर तासभर प्रवचन दिलं. ऐकायला आम्ही चौघं होतो, ओव्हरकोट घालून. त्यातली एक ऑर्गन वाजवणारी, म्हणजे तिला पगार होता.

चक्की उभी राहिली, आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी वादळ आलं. पाती अशी भणभणायला लागली की कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. मी चक्की थांबवायला ब्रेकचा दांडा ओढला, तर तो माझ्या हातातच आला. जोड मीच दिलेला होता. पिंपातून वाफ निघत होती.

"थीराबाई, आता पात्यांना आवरतंय ते फक्त हे पाणी. ते उकळून संपलं की चक्की मोकाट सुटेल आणि पाती उडून कुणाच्या तरी छपरावर पडतील."

"मग गार पाणी ओत आणि गरम काढ."

"आणि गरम कुठं टाकू?"

"टाकतोस कसला, मूर्खा? नाताळापासून गाव धुतलेलं नाही. जा, घंटा वाजव!"

मी चर्चमध्ये शिरलो तेव्हा प्रवचन रंगात आलं होतं. मी सरळ घंटेच्या दोराला लोंबकळलो. अवेळी घंटा म्हणजे आग. सगळं गाव गार पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन थीराच्या अंगणात धावत आलं. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

"आग कुठाय?" सगळे ओरडत होते.

"वाऱ्यात!" थीरा म्हणाली. "बादल्या इथं रिकाम्या करा आणि कपडे काढा."

बायका डेअरीत, पुरुष गोठ्यात. चीजच्या टाक्या, दुधाचे हंडे, डुकरांच्या डोण्या, जे मिळालं त्यात माणसं बसली. सगळ्यात शेवटी पाद्रीबुवा आले, रागानं लाल होऊन. बोटं मात्र निळी पडली होती. थीरानं त्यांना गोठ्याच्या दारातच गाठलं.

"बुवा, गळ्यातली ती पांढरी झालर काढा. भिजली तर इस्त्री कोण करणार?"

पाच मिनिटांनी ते गोठ्यात ओढून आणलेल्या चीजच्या टाकीत हनुवटीपर्यंत बुडाले होते. डोळे मिटून म्हणाले, "एगॉन, पण ही ऊब आधी होती कुठं?"

"वाऱ्याच्या पळण्यात, बुवा. पळणं अडलं, आपटलं, की तापतं."

"हं." त्यांनी टाकीतच पाय पसरले. मग म्हणाले, "जरा गरम ओत."

तीन वाजता वारा पडला. तोवर आम्ही चार तास बादल्या वाहत होतो आणि गाव कधी नव्हे इतकं गुलाबी झालं होतं. मी तुटका दांडा घेऊन थीरासमोर मान खाली घालून उभा राहिलो.

"जोड चांगला असता तर मी आज एकटीच अंघोळ केली असती," ती म्हणाली. "पण पुन्हा असा लावलास तर तुलाच पिंपात घालीन."

सोमवारी वाऱ्याची झुळूकही नव्हती. पाणी गार, थीरा घोंगडी पांघरून चिडलेली. "वाऱ्याच्या लहरीवर जगायला मी काय शिडाची बोट आहे?" म्हणून आम्ही अंगणात खड्डा खणला, त्यात दुधाची मोठी टाकी उतरवली आणि भोवती पेंढा ठासला. वारा असेल तेव्हा पाणी तापवायचं, नसेल तेव्हा साठवलेलं वापरायचं. पेंढा कमी पडला तेव्हा पाद्रीबुवांनी समुद्रकाठचं वाळलेलं गवत गाडीभर आणलं आणि बाह्या सरसावून खड्ड्यात उतरले. पहिल्या वाऱ्यात भरलेली टाकी तीन दिवस गरम राहिली.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या दारावर चिठी लागली: वारा सुटलेला असेल त्या रविवारी प्रार्थना दुपारी चारला, सर्वांची अंघोळ उरकल्यावर.